हाताला रजा

माझ्याकडे हात येतात ते बहुतेक ऑपरेशन झाल्यावर. टाके घातलेले, पट्टीत गुंडाळलेले, गळ्यातल्या झोळीत अडकवलेले. कापणं-शिवणं सर्जनचं, पुढचे आठवडे माझे. नाशिकमध्ये हातांची फिजिओथेरपी करता करता आता अशी सवय झालीये की समोरचा हात बघून महिना सांगता येतो. जानेवारीत मांजाने बोटं कापलेली पोरं. मे महिन्यात आंब्या-जांभळावरून पडलेल्या मुलांची कोपरं. पाऊस लागला की शेवाळलेल्या ओट्यावर नाहीतर गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पायऱ्यांवर घसरलेल्या, हात टेकून पडलेल्या आज्या. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की मनगटाची अंगठ्याकडची बाजू धरून कॉलेजची मुलंमुली. दिवाळीच्या तोंडावर खांदे: रंगारी, आणि माळे आवरणाऱ्या बायका.

द्राक्षछाटणीचे हात मात्र यायला हवेत तेव्हा येत नाहीत. त्यांचं शेवटी लिहिते, कारण बाकीचं सांगितल्याशिवाय ते नीट कळायचं नाही.

ऑपरेशनच्या आधी लोक दोनच प्रश्न विचारतात: खर्च किती, आणि दुखेल का. हात कामाला कधी लागेल, हे सर्जनला विचारायचं राहून जातं. ते मला विचारतात, तेही टाके निघायच्या दिवशी. उत्तर ऐकून चेहरा पडतो. ऑपरेशनचे पैसे माणूस कुठूनही उभे करतो. भिशी, सोसायटी, बायकोची पोत. सहा आठवडे मात्र कोणी उसने देत नाही.

मांजाचंच घ्या. येवल्यात पतंग एका दिवसाचा नसतो. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं, हातात मांजाची आसारी आणि सोबतीला हलगी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो. सुती दोरा जास्त ताण आला की तुटतो; नायलॉन तुटत नाही, मग बोट तुटतं.

मागे एक मुलगा आला होता, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा. अनामिकेच्या मुळाशी बारीकशी रेघ, रक्तही फार गेलेलं नव्हतं. हळद दाबली, चिंधी बांधली आणि गडी पुन्हा गच्चीवर. दोन दिवसांनी चहाचा कप उचलताना लक्षात आलं की बाकीची बोटं मिटतात आणि हे एक सरळच राहतं. एवढ्याशा जखमेने काय होतंय, असं घरच्यांना वाटलं ते साहजिक होतं. पण जखम छोटी आणि बोट वाकत नाही, हे दोन्ही एकत्र दिसलं की घरी थांबायचं नसतं.

बोटांमध्ये मुळी बोट मिटवणारे जोरदार स्नायू नसतातच. ते असतात कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगट ओलांडून बोटात उतरतात, प्रत्येक बोटाला दोन आणि अंगठ्याला एक. बोटात त्या एका अरुंद नळीतून जातात, आणि हाडाला धरून राहाव्यात म्हणून वरून जागोजागी आडवे पट्टे असतात. लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जाते तसंच. नाडी तुटली की टोक आत पळतं; कंडरेचं टोकही स्नायूच्या ओढीने तळहाताकडे सरकतं. आणि गाठ मारलेली नाडी नेफ्यात अडते. सर्जनपुढचा पेच हाच आहे: जोड भक्कम हवा, पण जाड झालेला चालत नाही.

तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या भागाला अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. इथे कंडरा कापली तर ती लगेच शिवू नका, जखम भरू द्या आणि मग दुसरीकडची कंडरा आणून घाला, असा त्यांचा सल्ला होता. तो बरीच वर्षं पाळला गेला, कारण इथे शिवलेली कंडरा आजूबाजूला चिकटून बसायची आणि बोट काठीसारखं नव्हे, काठीच होऊन जायचं. १९६०च्या दशकात लुईव्हिलचे हॅरॉल्ड क्लायनर्ट यांनी लगेच शिवून, रबर बँड लावून, पहिल्या दिवसांपासून बोट हलतं ठेवायची पद्धत मांडली. त्या वेळी अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही म्हणतात. आज माझी अर्धी रोजीरोटी त्या रबर बँडच्या वंशावळीतली आहे.

आमच्या या मुलाचं ऑपरेशन जागेपणी झालं. भूल फक्त हाताला. भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं, म्हणजे रक्तस्राव कमी आणि दंडाला करकचून बांधायचा पट्टा नको. बोटात अ‍ॅड्रेनालिन टोचलं की बोट काळं पडतं, हे डॉक्टरांना पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं होतं. कॅनडाचे डोनाल्ड लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. एकही बोट गेलं नव्हतं. पिढ्यानपिढ्यांची भीती अशी नुसत्या नोंदी ठेवल्याने गेली, याचं मला फार अप्रूप आहे. जागेपणाचा खरा फायदा मात्र वेगळा. कंडरा शिवून झाली की सर्जन सांगतात, “हं, आता मिट बोट.” पेशंट मिटतो आणि उघड्या जखमेत दिसतं की जोड पट्ट्याखालून सरकतो की अडतो, ताणाने फाकतो का. अडला तर तिथेच दुरुस्त करायचा. हा मुलगा नंतर मला सांगत होता, “मॅडम, मी माझ्या हाताची केबल चालताना बघितली.” त्याच्या धंद्यातलाच शब्द!

मग सुरू झाले माझे सहा आठवडे. हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी), मनगट थोडं वळवलेलं, आणि त्या आत दर दोन तासांनी बोट हळूच मिटायचं. किती मिटायचं तेही ठरलेलं. बोट जोराने हलवलं तर जोड तुटतो, अजिबात हलवलं नाही तर चिकटतो. या दोन्हीच्या मधली वाट फार अरुंद आहे आणि त्यावर पेशंटला घरी एकट्याने चालायचं असतं. त्यात शरीराचा एक वाईट स्वभाव: दुखणं दहा-बारा दिवसांत पळतं, जोडाला मात्र त्या वेळी जेमतेम टाक्यांचाच आधार असतो. म्हणजे माणसाला बरं वाटायला लागतं तेव्हाच धोका जास्त. टाके निघाले, सूज उतरली, आता काय झालंय न धुवायला भांडी? आणि एक दिवस बादली उचलताना आत काहीतरी ‘टक्’ होतं.

त्याचे शेठ रोज फोन करायचे. वाईट माणूस नव्हता तो, पण दुकानात दुसरा हात नव्हता. “डाव्या हाताने स्क्रू काढू का?” असं मुलाने विचारलं. काढ म्हटलं. “मग उजव्याने नुसता मोबाईल धरू का?” नको. यावर आमची रोज घासाघीस चालायची. बारा आठवड्यांनी त्याला पूर्ण जोर लावायची परवानगी मिळाली. बोटाचं शेवटचं पेर अजून थोडं कमी वाकतं. स्क्रूड्रायव्हरला ते चालतं.

आज्यांच्या मनगटाचं त्या मानाने सोपं. हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ मोडणाऱ्या हाडाचं वर्णन आयरिश सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केलं, एक्सरे यायच्या ऐंशी वर्षं आधी, नुसतं चाचपून. तरुण माणसाचं हाड सांध्यातच तुकडे होऊन मोडलं असेल तर प्लेट घालून ते नीट बसवायलाच हवं. पण पंचाहत्तरीच्या आजींचं मनगट प्लास्टरमध्ये किंचित वाकडं जुळलं तरी त्या वर्षभरात पहिल्यासारख्या फुलं तोडतात, वाती वळतात. अशा वेळी निव्वळ एक्सरे देखणा यावा म्हणून ऑपरेशनचा हट्ट मुलगाच धरतो. आजींना कोणी विचारत नाही. ढोलवाल्यांचं मनगटही बहुतेक सुरीशिवाय बरं होतं. अंगठ्याच्या दोन कंडरांचं आवरण सुजतं, स्विस सर्जन फ्रिट्झ द केर्व्हें यांनी १८९५ साली वर्णन केलेलं दुखणं. अंगठा बांधून ठेवायचा, क्वचित एक इंजेक्शन. तेच दुखणं बाळंतिणींनाही होतं, बाळाला काखेत धरून सारखं उचलून. ढोलवाला विसर्जनानंतर बरा होतो. बाळाला विसर्जन नाही.

मध्यरात्री हात झटकत उठणाऱ्या बायकांबद्दल मात्र मला जरा रागाने लिहायचंय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. मनगटातल्या एका बोगद्यातून बोटांच्या नऊ कंडरा आणि एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. जागा घटली की नस दबते. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण आणि हाताची जोराची कामं, कशानेही. ओळखायला हे सोपं दुखणं आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या बाईच्या गळ्यात आधी वर्षभर मानेचा पट्टा असतो, पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्या असतात, आणि ‘वय झालं’ हे ऐकून झालेलं असतं. तोवर अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट झालेला असतो. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट पुरतो. पुढे वरचा पट्टा कापून नस मोकळी करावी लागते. तळहातावर दोन-तीन सेंटिमीटरची चीर, भूल तिथल्या तिथे. कित्येकींना पहिल्याच आठवड्यात सलग झोप लागते. पण सुकलेला स्नायू पूर्ण परत येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

ऑपरेशननंतर तळहाताचा जोर परतायला आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. कणीक तिंबायची नाही, कपडे पिळायचे नाहीत, कुकरचं झाकण नको. एका काकूंचा मुलगा सगळं लिहून घेत होता, शहाणा, आईवर माया असलेला. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाला, “पण मग पोळ्या?” नाशिकमध्ये गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, मी त्याला दोन पत्ते दिले. काकू लगेच म्हणाल्या, “नको गं, यांना बाहेरची पोळी चालत नाही.” दहा मिनिटांचं ऑपरेशन झालं होतं आणि पुढच्या सगळ्या महिन्याचं भवितव्य काकांच्या पोळीवर अडलं होतं. बाहेरची पोळी माणूस खाऊ शकतो, हे माझं व्यावसायिक मत मी काकांना बोलावून सांगितलं.

मुलांच्या कोपराबद्दल थोडंच, पण ते सर्वांनी वाचावं. पाच ते सात वर्षांचं मूल झाडावरून पडतं आणि कोपराच्या जरा वर हाड मोडतं. याच हाडाला लागून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. तुकडे सरकलेले असतील तर ते बसवून तारा घालतात, तीन-चार आठवड्यांत तारा काढतात, मूल पुन्हा झाडावर. घोटाळा होतो तो हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळलं की. आत सूज वाढते, वर बंधन सैल होत नाही, रक्त पोचत नाही, आणि काही तासांत हाताचे स्नायू मरायला लागतात. जर्मन सर्जन रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली हेच लिहून ठेवलं. बोटं वळून आखडतात ती कायमची. मूल रडत असेल, बोटं फिकी किंवा गार असतील, आणि त्याचं बोट आपण सरळ करताना ते किंचाळत असेल, तर पट्टी लगेच सोडायची आणि दवाखाना गाठायचा. कोणाचा मान राखायची ती वेळ नाही. असे हात मी बघते तेव्हा शिकवलेलं सगळं वापरूनही फार थोडं देता येतं.

खांदा हा वेगळाच प्राणी आहे. त्याच्याबाबत लोक ऑपरेशनला घाबरतात, आणि बहुतेक वेळा ते लागतही नाही. आखडलेल्या खांद्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव १९३४ साली बोस्टनचे कॉडमन यांनी दिलं. मधुमेह्यांमध्ये तो जास्त. बायकांना ब्लाऊजचे मागचे हूक लागत नाहीत, पुरुषांचा हात मागच्या खिशातल्या पाकिटापर्यंत जात नाही. वर्ष-दोन वर्षं छळतो आणि बहुतेकांचा सुटतो. उगाच गादीवर झोपवून कोणाकडून हिसके मारून घेऊ नका, एवढंच सांगते. ज्यांची खांद्याभोवतीची कंडरा फाटलेली असते त्यांची गोष्ट निराळी. एक रंगारी आले होते, आयुष्यभर छत रंगवलेलं. दुर्बिणीतून कंडरा शिवता येईल असं सर्जननी सांगितलं. चार ते सहा आठवडे झोळी, रात्री अर्धवट बसून झोप, आणि डोक्यावर हात नेऊन जोराचं काम करायला साधारण सहा महिने. रंगारी शांतपणे म्हणाले, “मॅडम, सहा महिन्यांनी माझं गिऱ्हाईक मला ओळखणार नाही.” फाट अर्धवट होती म्हणून व्यायामाचा पर्याय तरी होता. आता छत त्यांचा पुतण्या रंगवतो आणि ते खिडक्या-ग्रील. ऑपरेशन न करण्याचा तो निर्णय मला तेव्हा पटला होता, आजही पटतो.

पण सगळ्यांना असं थांबता येत नाही. त्र्यंबक रस्त्यावर मोटारसायकलवरून फेकला गेलेला पोरगा खांद्यावर आपटतो, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला जातो, आणि हाताला जाणाऱ्या नसा मुळाशी ताणल्या किंवा तुटल्या जातात. हात जागेवर असतो, पण लोंबत. नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मानेपासून बोटांपर्यंत हिशेब करा, दोन वर्षांच्या आसपास जातो. इकडे नसेविना पडलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत ऑपरेशन व्हायला हवं. यावर फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबर्लँ यांनी १९९४ साली सुंदर तोड काढली: लांबून नस यायची वाट कशाला बघता, दंडातच करंगळीकडे जाणारी नस आहे, तिचे थोडेसे तंतू काढून कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडा. अंतर कमी, म्हणून वेळ कमी. सुरुवातीला या पोरांना कोपर वाकवायला आधी मूठ वळावी लागते. काही महिन्यांनी मेंदू ते शिकतो आणि मूठ न वळताच कोपर वाकतं. हे बघायला मिळतं म्हणून मी या कामात टिकून आहे. दुःख एवढंच की घरचे लोक आधी सहा महिने मालिश करून घेतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून येणारे हात पॉवर प्रेसचे. प्रेस खाली येते तेव्हा बोट बाजूला असावं लागतं, आणि हजारातून एकदा ते नसतं. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोटाला बर्फ थेट लावायचा नाही, तो त्वचा जाळतो. असं थंड ठेवलेलं बोट बराच वेळ टिकतं. पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली परत जोडायचं काम जपानमध्ये १९६५ साली पहिल्यांदा झालं. अंगठा असेल किंवा लहान मूल असेल तर सर्जन जंग जंग पछाडतात. पण मधल्या भागात तुटलेलं एकच बोट असेल, तर न जोडण्याचा सल्ला देणारा सर्जन बऱ्याचदा पेशंटचा जास्त विचार करत असतो. जोडलेलं बोट जगतं, पण ताठ राहतं, थंडीत ठणकतं, कामात आडवं येतं, आणि त्यासाठी महिनोन्महिने जातात. तीन बोटांचा हात महिनाभरात मशिनवर परततो. आईवडिलांना हे ऐकवत नाही, आणि ते मला समजतं.

तरी या कामगाराच्या बाजूने एक गोष्ट आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर त्याला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असतो. कामावर इजा झाली तर हात बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. कामाबाहेरच्या आजारासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के. कागदपत्रांचा छळ असतो, ठेकेदार हजेरीवर नावच घेत नाहीत, हे सगळं खरं. पण कायद्याने १९४८ साली एवढं मान्य केलं की हाताला बरं व्हायला दिवस लागतात आणि त्या दिवसांत पोट बंद नसतं. माझ्या खोलीत शेजारी शेजारी दोन पेशंट बसलेले असतात, एकाच दुखण्याचे. एकाला हे मिळतं, दुसरीला नाही. व्यायाम कोणाचा नीट होतो ते सांगायला नको.

कॉलेजात आम्हाला ब्रिटिश सर्जन पॉल ब्रँड यांचं काम शिकवलं होतं. १९४६ साली ते वेल्लोरला आले आणि कुष्ठरोगाने पक्ष्याच्या नखांसारख्या वळलेल्या बोटांसाठी त्यांनी चालत्या स्नायूची कंडरा काढून निकामी स्नायूच्या जागी जोडायची शस्त्रक्रिया सुरू केली. हात उघडले, मिटू लागले. मग लक्षात आलं की हात सुधारलेल्या माणसाला गाव परत घेत नाही आणि काम कोणी देत नाही. तेव्हा त्यांनी तिथेच एक केंद्र काढलं आणि लोकांना सुतारकामासारखे धंदे शिकवले. परीक्षेत मला टेंडन ट्रान्स्फरवर दहा मार्कांचा प्रश्न आला होता. त्या केंद्रावर काही नव्हतं.

आता द्राक्षं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या टोळ्या उतरतात. काम एकरी उक्तं असतं, म्हणजे थांबेल त्याचं नुकसान. हातात दिवसभर कात्री. तिची मूठ तळहातावर जिथे रुतते, नेमका तिथेच, बोटाच्या मुळाशी, कंडरेवरचा पहिला आडवा पट्टा असतो. पट्टा जाड होतो, कंडरेला गाठ येते, आणि तीच नेफ्यातली नाडी आता आपोआप अडकते. बोट मिटतं पण सुटत नाही. सोडवलं तर खटक्याने उघडतं.

“ताई, रातच्याला बोट मुडपून राहतं, सकाळच्याला दुसऱ्या हातानं सरळ करायला लागतं,” अशाच एका टोळीतली बाई सांगत होती. दोन हंगाम तिने तसेच काढले होते. यावर स्टिरॉइडचं इंजेक्शन बऱ्याच जणांना पुरतं. तिला दोनदा दिलं, दोनदा परत अडकलं. ऑपरेशन म्हणजे तळहातावर छोटी चीर आणि तो एक पट्टा कापायचा. दहा-पंधरा दिवसांत टाके निघतात, हलकं काम लगेच, कात्रीसारखं आवळायचं काम तीन-चार आठवड्यांनी. इथे सहा आठवडेही लागत नाहीत.

ती बोटांवर महिने मोजायला बसली, त्याच हाताच्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी. मेमध्ये घर शाकारायचं, लाकूडफाटा. जूनमध्ये पेरणी, जुलैत आवणी, चिखलात वाकून रोपं लावायची, पाण्यात टाके चालणार नाहीत. ऑगस्टमध्ये जरा उसंत. सप्टेंबरला टोळी निघते, आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मग गोडी छाटणी, नंतर डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, मार्चपर्यंत काढणी. “ऑगस्टात करा,” ती म्हणाली. “पण मंग छाटणीला नऊ-दहा रोजांनी उशीर व्हईल ना?” होईल. म्हणजे टोळीत जोडीदारीण लागेल, किंवा तिला कात्रीऐवजी दुसरं काम द्यावं लागेल. सर्जन दरात सूट द्यायला तयार होते. तो प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

ऑपरेशन ऑगस्टच्या शेवटी झालं. बोट आता अडकत नाही. तिच्या मुकादमाशी मी फोनवर बोलले; तो सभ्य माणूस आहे, त्याचंही उचलीचं गणित आहे. पहिले दिवस तिला छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायच्या कामावर नको ठेवूस, ते औषध ताज्या जखमेला वाईट, असं सांगितलं, ते त्याने ऐकलं. काड्या गोळा करायच्या, तारांना बांधणी करायची, असं काम देतो म्हणाला, पण मजुरी अर्धी. मी पाऊण म्हटलं. त्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली, ती मी दिली. काय काम चालेल, काय नाही, किती तारखेपर्यंत, सगळं मराठीत लिहून. स्प्रिंग नरम असलेली, लहान मुठीची कात्री टोळीतल्या सगळ्या बायकांना द्यावी, हेही खाली घातलं. त्यावर तो हसला, पण एक कात्री नमुन्याला मागवलीय. पाऊण मजुरीवर तो येईल असं दिसतंय. ती मात्र पूर्ण मागते आहे, आणि मला तिचंच बरोबर वाटतं.